उसनी खापरपणजी

१

ओलेटा स्प्रॅडलिन रोज दुपारी आईचं जेवण घेऊन डोंगरातल्या घळीत यायची. गाडीच्या मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेला मक्याचा पाव, डब्यात उकडलेल्या बीन्स, बाटलीत ताक. आयव्हा, तिची आई, नव्वदीला टेकली होती. तिला स्वतःचं करून खाता येत नव्हतं असं नाही, पण शेगडी पेटवून विसरली तर काय घ्या, म्हणून ओलेटानं हा नेम धरला होता. आई म्हणायची, "तू येतेस ते मी जिवंत आहे की नाही बघायला. जेवण आपलं निमित्त." यात खोटं काहीच नव्हतं.

जुलै लागला होता, म्हणजे फरसबीचा हंगाम. केंटकीच्या या डोंगरांत त्या दिवसांत बायका ओसरीवर बसून शेंगा निवडतात. शीर ओढायची, शेंग कटकन मोडायची आणि पातेल्यात टाकायची. ओलेटानं फाटकाशी गाडी उभी केली तेव्हा तिला तो आवाज ऐकू आला आणि बरं वाटलं. आईचे हात अजून चालतात तर.

पायऱ्या चढताना तिच्या लक्षात आलं की आवाज एकाचा नाही. आईची मोडण्याची लय तिला लहानपणापासून पाठ होती. एक शेंग, मग जरा दम, मग दुसरी, मग एक उसासा. आज त्या उसाशाच्या जागेतही शेंगा मोडत होत्या, भराभर, न थांबता, एखाद्या कामसू बाईच्या हातानं मोडाव्यात तशा.

ओसरीवर आई एकटीच होती.

"कोण आलं होतं?" ओलेटानं विचारलं.

"कुठं कोण?"

"मग हे काय?" शिरांचे ढीग दोन होते. एक आईच्या पायाशी, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपाशी.

"आपल्यातलीच की," आई म्हणाली. "तू काय फौजदार लागून गेलीस? पाव गरम आहे तोवर वाढ."

पाद्रीणबाई येऊन गेली असेल, ओलेटानं मनाशी म्हटलं. येते ती अधूनमधून. हात पुसायच्या निमित्तानं ती त्या खुर्चीशी वाकली आणि बैठकीवर तळवा टेकवून बघितला. जुलैच्या भर दुपारी, उन्हात मांडलेली लोखंडी खुर्ची गार होती. तिनं हात मागे घेतला आणि आत जाऊन ताटं घेतली.

२

लोकांचे पूर्वज शोधून द्यायचे, हा ओलेटाचा धंदा. इथून ओहायोकडे, मिशिगनकडे कारखान्यांत गेलेल्यांची नातवंडं उन्हाळ्यात येतात, डोंगर बघून गहिवरतात आणि विचारतात, आमचे पहिले आजोबा कुठं राहायचे हो? ते ओलेटा सांगते. मेलेल्यांच्या मागे धावण्यात तिची हयात गेली होती. नवरा म्हणायचा, तुला जिवंत माणसाचं वावडं आहे. तो फ्लोरिडाला निघून गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.

दर वसंतात ती वाचनालयात वर्ग घ्यायची आणि पहिला धडा कायम तोच असायचा. "आजचा नकाशा आधी घडी घालून ठेवा. माणसं जागची हलत नाहीत, काउंटीची रेघ हलते. तुमची आजी एकाच चुलीपुढं बसून तीन काउंट्यांत राहिलेली असेल. आणि रेघ हलली तरी कागद हलत नाहीत. ज्या कचेरीत लिहिले गेले तिथंच राहतात." मग ती आपल्याच घळीचं उदाहरण द्यायची. घळ आज टॉलिव्हर काउंटीत आहे. पण यादवी युद्धाच्या आधी ती ग्रीअर काउंटीत होती. म्हणजे घळीतला जुना माणूस हवा असेल तर टॉलिव्हरच्या कचेरीत उभं राहून काय उपयोग? दोन डोंगर ओलांडून ग्रीअरला जा.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

मागच्या हिवाळ्यात आईच्या फुप्फुसात पाणी झालं. डॉक्टरनं ओलेटाला बाहेर बोलावून दबक्या आवाजात सांगितलं की फार आशा धरू नका. आईनं आयुष्यात मागितलं असं एकच होतं. टॉलिव्हरमधल्या सगळ्यांत जुन्या घराण्यांना इथलं इतिहास मंडळ दर मे महिन्यात मानपत्र देतं. ते आईला हवं होतं. "त्या मिनी हॅगर्डला मिळालं," आई म्हणायची. "घोडे चोरून पळत इथं आलेली माणसं ती! नि आम्हाला नाही."

खरे कागद ग्रीअरला असणार हे ओलेटाला ठाऊक होतं. पण घाटात बर्फ होतं, आईला सोडून जायचा धीर नव्हता आणि मेपर्यंत आई राहते की नाही कोण जाणे. टॉलिव्हरची कचेरी तिच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. तिथल्या करदात्यांच्या जुन्या यादीत तिला नाव सापडलं, टामार कॅसिटी. आईच्या पणजीचं नाव टामार कॅसिटीच होतं. काळही जुळत होता. ही टामार काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, नदीकाठी मिठाच्या भट्ट्यांपाशी राहायची. नावापुढं नवरा नव्हता, मूल नव्हतं. ओलेटानं स्वतःची समजूत घातली की मुलं दिराकडे वाढली असणार. त्या एका 'असणार'वर तिनं पुढची सगळी पिढी बसवली, आईचे आजोबा एलायशा यांना त्या बाईच्या ओटीत घातलं आणि अर्ज देऊन टाकला.

आई जगली. मे महिन्यात निळा झगा घालून ती चर्चच्या सभागृहात बसली. मंडळाचे अध्यक्ष कॉय स्टिडहॅम टाय सरळ करत उभे राहिले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "टामार कॅसिटी, तिच्या वंशातली आयव्हा." टाळ्या पडल्या. मिनी हॅगर्डसुद्धा वाजवत होती.

परतताना आईनं गाडीत विचारलं, "कुठं राहायची गं ती?"

"नदीकडं. मिठाच्या भट्ट्यांपाशी."

"आमच्यात नदीकडचं कुणी नव्हतं."

"होतं, आई. कागदात आहे."

आई बराच वेळ मांडीवरच्या मानपत्रावरून बोट फिरवत राहिली. "मग असेल," ती म्हणाली.

३

जुलै सरता सरता आई नदीच्या गोष्टी सांगायला लागली.

आईच्या गोष्टी ओलेटाला तोंडपाठ होत्या. एलायशा आजोबांचं अस्वल, वडिलांची पिठाची चक्की, पुरात वाहून गेलेलं खेचर. आता आई भट्टीच्या धुरानं डोळे कसे चुरचुरायचे ते सांगायची. रात्रभर जाळ घालावा लागायचा, बोटांना चिरा पडायच्या आणि चिरांत मीठ शिरायचं. नावाडी पलीकडून हाक मारायचा पण या काठाला कधी थांबायचा नाही. "का नाही थांबायचा?" ओलेटानं न राहवून विचारलं. "इथं कुणाला घ्यायचं असणार?" आई म्हणाली. "एकटी बाई. तिला कुठं जायचं होतं?"

"आणि चक्की, आई? तुझ्या वडिलांची चक्की?"

"कसली चक्की?"

ओलेटानं तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. आईनं सगळं धडाधड सांगितलं आणि वर विचारलं, "तुम्हाला येतं का हो? करून दाखवा बरं." डॉक्टर हसला. म्हणाला, यांचं डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. ओलेटाला हसू आलं नाही. म्हातारपण असतं तर तिनं ते पदरात घेतलं असतं. म्हातारपणात माणूस विसरतो, ठीक आहे. पण जे कधी झालंच नाही ते आठवतं कुठून?

त्यात वेणीचं झालं. आईचा खांदा गेल्या वर्षी निखळला होता, हात डोक्यापर्यंत जात नव्हता. ओलेटाच दर रविवारी तिचे केस विंचरून सैलसा अंबाडा घालायची. आता आई रोज घट्ट वेणी घालून बसलेली असायची. वेणी कानामागून आवळत नेलेली, टोकाला जाड्याभरड्या कापडाची चिंधी बांधलेली. असली वेणी ओलेटानं कुणाची बघितली नव्हती आणि असलं कापड त्या घरात नव्हतं.

"हे कोण घालतं तुला?"

"ती."

"ती कोण, आई?"

आईनं भिंतीवरच्या मानपत्राकडे बघितलं, मग लेकीकडे. तिला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. "तूच तर आणलीस तिला घरात," ती म्हणाली.

ओलेटा उठली. तिला बसवेना. ती मागच्या खोलीत गेली, कपाट उघडलं, मिटलं, पलंगाखाली वाकून बघितलं. फळीवर लोणच्याच्या बरण्या होत्या, खिडकीत मेलेल्या माश्या होत्या. काही नव्हतं. तरी परत निघताना तिला पाठ त्या खोलीकडे करवेना, म्हणून ती उलट्या पावली बाहेर आली आणि आपणच आपल्याला हसली.

"चल, माझ्याकडं राहायला चल थोडे दिवस," ती आईला म्हणाली.

"वेडी का काय? घरात माणूस आहे, तिला एकटी टाकून येऊ?"

ऑगस्टमध्ये आई स्वतःच्या वडिलांचं नाव विसरली. मग भावांची. माणसं एकेक करून जात होती आणि त्यांची जागा रिकामीही राहत नव्हती, तिथं धूर आणि नदी येऊन बसत होती. एके दुपारी तिनं शेल्फावरचा फोटो उचलला. ओलेटाचे वडील डेलमर, लष्करी टोपीतले, जिच्याशी त्यांनी एक्कावन्न वर्षं संसार केला तिच्याच हातात. "देखणा आहे," आई म्हणाली. "कुणाचा गं हा?"

ओलेटा ओसरीवर जाऊन रडली. आता आईजवळ घरचं असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे ती स्वतः. तिलाही आई अशीच हळूच खाली ठेवून देणार, हे तिला लख्ख दिसलं.

४

दुसऱ्या दिवशी ती नदीकाठी गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. घरी हातावर हात ठेवून बसवत नव्हतं, एवढं खरं. टामारच्या कबरीची जागा तिला ठाऊक होती, अर्जात तिनंच लिहिली होती, न बघता.

कुरण नेल्डा प्रेसनेल नावाच्या बाईचं होतं. पुरुषी बूट घातलेली, तोंडानं फटकळ. ती गायींना हाकलत हाकलत ओलेटाच्या पुढं चालली. "तुम्ही पण तिच्याच?" तिनं विचारलं. "बरं झालं बाई. माझ्या आजेसासूच्या काळापासून हिचं कुणी फिरकलेलं नाही. मे महिन्यात सगळी दुनिया आपापल्या कबरींना फुलं वाहायला येते, डबे आणते, गवतावर जेवते. हिच्याकडं चिटपाखरू नाही. आम्हीच जाता जाता गवत कापतो."

कबर म्हणजे नदीतला गोटा होता, मांडीएवढा. आजूबाजूला दुसरी एकही नव्हती. इकडे घराण्याची म्हणून एक टेकडी असते, त्यावर आजे-पणजे ओळीनं निजलेले असतात. हा एकुलता एक दगड उघड्या कुरणात होता आणि भोवतालची माती झाडून स्वच्छ केलेली होती.

दगडावर फुलं होती. कागदाची, पिवळी, मेणात बुडवलेली. प्रत्येक पाकळीची कड नखानं दुमडलेली. घळीत तशी कड एकच बाई दुमडायची, तिची आई.

ओलेटानं एक फूल उचललं. काल संध्याकाळी सणसणीत पाऊस झाला होता. कागदाचा रंग जरासुद्धा उतरला नव्हता.

"आज सकाळीच ठेवलीत," नेल्डा म्हणाली. "दोघी म्हाताऱ्या. रविवारी पण आल्या होत्या."

"माझी आई फाटकापर्यंतसुद्धा चालू शकत नाही," ओलेटा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मग असेल दुसरी कुणी. निळा झगा, कानामागून वेणी. दुसरीनं कोपराला धरलं होतं तिला."

"कुठली गाडी होती?"

"गाडी नव्हती. मला वाटलं पलीकडून चालत आल्या." नेल्डानं पलीकडे हात केला. पलीकडे नदी होती. तिनं स्वतःच तिकडे बघितलं, मान खाजवली आणि हात खाली घेतला.

"ती दुसरी कशी होती?"

"तोंड नाही दिसलं. मी हात केला, पण ती वळलीच नाही. तुमच्या त्या बाईकडंच बघत होती सारखी." नेल्डा जरा थांबली. "बाळंतीण पोराकडं बघते ना, तशी."

ओलेटा गाडीत बसली आणि थेट घळीत आली. आई ओसरीवर होती, पायात घरातल्या सपाता, सपाता कोरड्या ठणठणीत. "आज लवकर?" आई म्हणाली. "काय गं, भूत बघितल्यासारखी?" ओलेटानं तिचे हात हातात घेतले. अंगठ्याच्या नखावर पिवळ्या रंगाची पुसट रेघ होती. पण आई कागदी फुलं वर्षभरच करते, ओलेटा स्वतःला म्हणाली. वर्षभरच करते.

५

ग्रीअरला जायला तीन तास लागतात. सहा महिन्यांपूर्वी ज्या घाटाचं तिनं निमित्त केलं होतं तो आता हिरवागार, मोकळा होता. तिनं वाटेत कुठं गाडी थांबवली नाही, पाणीही प्यायली नाही. सगळं एका चुकीच्या दुव्यानं सुरू झालं असेल तर तो दुवा काढला की संपेल. आपण असला विचार करतोय याची तिला लाज वाटत होती, आणि तरी पाय दाबून गाडी पळवत होती.

ग्रीअरच्या कचेरीच्या तळघरात ओलसर चुन्याचा वास होता. वर्गात जे ती शिकवायची तेच तिनं केलं. घळ त्या काळी कुणाची होती ते बघितलं, आणि त्या काळच्या कागदांत हात घातला. तास झाला नाही तोच ती समोर आली. टामार कॅसिटी, विधवा, घळीतली जमीन, ओढ्याच्या वरच्या अंगाला. मुलं चार. तिसरा एलायशा. अस्वलवाला एलायशा!

ओलेटा मोठ्यानं हसली. तिकडच्या टेबलावरच्या माणसानं मान वर केली, तर ती रडत होती. ही आमची. ही आमच्या घळीत राहिली, हिच्या चुलीच्या दगडांवर आईचं घर उभं आहे. इथं सगळा वेळ वाट बघत बसली होती, आणि मी तीन तासांचा कंटाळा केला म्हणून दुसरीच बाई हाताला धरून घरी नेली.

नक्कल घेऊन ती उलटपावली निघाली आणि परस्पर कॉय स्टिडहॅमच्या दारात उभी राहिली. कॉय पाखरांना दाणे घालत होते. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि मिस्कील हसले.

"आम्हाला कोण शिकवतं गं, नकाशा घडी घालून ठेवा म्हणून?"

"मीच. चिडवा खुशाल. पण माझ्या अर्जातला तो दुवा काढून टाका."

"ओलेटा, तेव्हा घळ ग्रीअरची होती. म्हणजे तुमचं घराणं आमच्यातलं सगळ्यांत जुनं ठरत नाही. आयव्हाचं मानपत्र रद्द होईल."

"होऊ दे."

"म्हातारीच्या जिवाला लागेल. राहू दे की. कोण बघतंय एवढं? दीडशे वर्षांमागच्या बाईचं काय ते."

"कॉय, माझ्या देखत खोडा. आत्ता."

तिच्या चेहऱ्याकडे बघून ते आत गेले आणि मंडळाची वही घेऊन आले. टामारच्या नावापासून आयव्हाच्या नावापर्यंत आलेल्या रेघेवर त्यांनी काट मारली आणि खाली सही केली. ओलेटाच्या छातीवरची धोंड उतरली. खूप दिवसांनी तिला भूक लागल्याचं जाणवलं.

"मग आता त्या नदीकाठच्या टामारचं काय?" कॉयनी वही मिटत सहज विचारलं.

"तिचं काय?"

"नाही, म्हणजे ती बिचारी पुन्हा एकटी पडली."

ते पाखरांकडे वळले. ओलेटा गाडीकडे पळत सुटली.

६

उन्हं कलली होती पण उजेड चांगला होता. ओसरीवर कुणी नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. ओलेटानं दार ढकललं तेव्हा बोलणं थांबलं.

स्वयंपाकघरात आई टेबलाशी बसली होती. टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला लांब बाक होता, त्यावर खिडकीची सावली पडली होती. आईनं वर बघितलं आणि ती हसली. गोड हसली, दारात आलेल्या कुणालाही बघून हसते तशी.

"या ना बाई, आत या. दमलेल्या दिसता. लांबून आलात?"

ओलेटाच्या हातातली पिशवी खाली पडली. "आई, असं काय बोलतेस? मी आहे, ओलेटा."

"हो का? बरं झालं आलात. कुणाच्या तुम्ही? तुमची माणसं कुठली?"

"तुझी आहे मी! तुझी आणि डेलमरची."

आईनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. कपाळाला आठी पडली, ओठ हलले. मग तिनं मान वळवली आणि सावलीतल्या बाकाकडे बघून विचारलं, "आपल्यात कुणी डेलमर आहे का गं?" ती उत्तराची वाट बघत थांबली. काहीच ऐकू आलं नाही, पण आईनं मान डोलावली आणि ती पुन्हा ओलेटाकडे वळली. "नाही हो बाई," ती हळहळून म्हणाली. "तुमची काहीतरी चूक होतेय."

ओलेटानं पिशवीतून नक्कल काढली. ती तिनं आईपुढं धरली. "हे बघ. ही तुझी पणजी. इथंच राहायची, या घळीत. हा एलायशा, बघ ना, अस्वलाची गोष्ट नाही का तू मला... आई, वाच. वाच ना गं."

आईनं कागद घेतला, दूर धरून वाचला आणि आदबीनं परत दिला. "असेल कुणाची तरी," ती म्हणाली. "भलीच दिसते. पण आमच्यातली नव्हे."

कॉयनी काट मारली होती खरी. पण आई आधीच त्या रेघेच्या पलीकडे गेली होती, आणि अलीकडे एकटी ओलेटा राहिली होती. हे तिला दारातच कळलं होतं, फक्त कागद दाखवून बघायची आशा सुटत नव्हती. तिनं नक्कल घडी करून खिशात कोंबली. समोर आई बसली होती, तिची आई, तोच हनुवटीवरचा तीळ, तीच बोटं. ती बोटं परक्या पाहुणीसाठी टेबलावरचा कपडा सारखा करत होती. पाहुणी आता जाईल म्हणून आई वाट बघत होती.

डोळ्यांच्या कडेला बाकावरची सावली ओलेटाला दिसत होती. ती तिकडे सरळ बघत नव्हती. पण तिथं एक काळसर बाही होती, आणि बाहीतून आलेला हात बाकाच्या फळीवर उताणा ठेवलेला होता. खूप वर्षं असाच ठेवलेला असावा, इतका निवांत.

पळून जावं. फाटक दहा पावलांवर आहे, गाडी चालू आहे. पण जायचं कुठं आणि कुणाकडे? जगात तिला ओलेटे म्हणून हाक मारणारं दुसरं कोण होतं?

"बाई?" आई म्हणाली. "बोला ना. कुणाच्या तुम्ही?"

ओलेटानं बाकाकडे न बघता आईकडे बघितलं. "टामारच्या," ती म्हणाली.

"कुठली टामार?"

"नदीकाठची. मिठाच्या भट्टीवरची." तिनं खिशातली नक्कल आणखी खोल दाबली. "मी तिच्या घरची आहे. आम्ही सगळी तिचीच."

आईचा चेहरा फुलला. "अगं मग दारात काय उभी राहिलीस मेले!" ती म्हणाली. "तोंड सुकलं आहे नुसतं. ये, बस इथं, माझ्याजवळ. सरक गं जरा, पोरीला बसू दे."

बाक करकरला. आईच्या बाजूला जागा झाली.

ओलेटा बसली. टेबलावर तीन ताटं होती. आईनं तिच्याकडे मायेनं बघितलं, मग डोळे मिटले, मान लववली आणि जेवणाआधी सगळ्यांनी धरायचा म्हणून हात पुढं केला. "हात धरा," ती म्हणाली. "आज सगळी एकत्र आहोत, देवाचे आभार मानू."

ओलेटानं आईचा हात घट्ट धरला. तो ऊबदार होता. तिचा दुसरा हात मांडीवर होता. आई प्रार्थना म्हणायला लागली तेव्हा तो कुणीतरी घेतला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.